वाचक विचारतात : आपल्या हयातीतला सर्वोत्तम बेसबॉलपटू कोण?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : आपण पाहिलेल्या बेसबॉलपटूंत सगळ्यात मोठा कोण? पत्रं अमेरिकेतून आली आहेत, तशी पुण्या-ठाण्याहूनही. नावावरून भांडण्याआधी मोजमाप ठरवलं, तर हा वाद फार रंगतो. म्हणून उत्तरांत नावं आहेतच, पण मोजायचं कसं ते आधी दिलं आहे.

प्रश्न : वडील १९६९ साली अमेरिकेत आले, माझा जन्म इथलाच, १९७१ चा, आणि मुलगा २००४ चा. ‘माझ्या हयातीतला सर्वोत्तम’ म्हणताना हयात कुठून धरायची? विली मेज माझ्या यादीत बसतो का? (एडिसन, न्यू जर्सी)

नाही बसत. मेज १९७३ मध्ये निवृत्त झाला. शेवटच्या हंगामात तो ४२ वर्षांचा होता, न्यूयॉर्क मेट्सकडून ६६ सामने खेळला आणि त्याची बॅटिंग सरासरी, म्हणजे अधिकृत खेळ्यांत हिटचं प्रमाण, ०.२११ होती. तेव्हा तुम्ही दोन वर्षांचे होता. जन्मतारखेवर हक्क सांगितला, की असे मावळतीचे खेळाडूही यादीत घुसतात.

आम्ही दोन अटी लावतो. पहिली, इथे जन्मलेल्यांची हयात दहाव्या वर्षापासून धरायची. बाहेरून आलेल्यांची, ज्या वर्षी १६२ सामन्यांचा हंगाम पहिल्यांदा एप्रिलपासून शेवटपर्यंत पाहिला त्या वर्षापासून. दुसरी, त्या काळात खेळाडूचे किमान पाच पूर्ण हंगाम आले पाहिजेत आणि त्यांतल्या एका तरी हंगामात तो लीगमधल्या पहिल्या पाचांत असला पाहिजे.

या हिशेबाने वडिलांची हयात साधारण १९७० पासून. मेज त्यांच्याही हातून निसटतो, पण हँक एरन पक्का बसतो. १९७१ मध्ये त्याने कारकिर्दीतले सर्वाधिक, म्हणजे ४७ होम रन (चेंडू मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले आणि ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात ७१५ वा मारून कारकिर्दीतल्या होम रनच्या विक्रमात बेब रूथला मागे टाकलं. तुमची हयात १९८१ पासून. रिकी हेंडरसनने १९८२ मध्ये एका हंगामात १३० बेस चोरले (फटका नसताना धावत पुढचा बेस गाठला), तेव्हा तुम्ही अकरा वर्षांचे होता. तो जवळजवळ सबंध तुमचा.

मुलाची हयात २०१४ पासून, आणि इथे एक अडचण आहे. अल्बर्ट पुहोल्सने सेंट लुइसकडून पहिल्या ११ हंगामांत ४४५ होम रन मारले, सरासरी ०.३२८ राखली आणि तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा, पुरस्कार मिळवला, पण ते सगळं २०११ पर्यंत. मुलाने पाहिला तो दुखऱ्या पायांचा, एंजल्सकडचा पुहोल्स. त्याच्या यादीत पुहोल्स खाली असेल तर तो चुकत नाही, त्याची खिडकीच वेगळी आहे. एका घरात तीन वेगळ्या याद्या निघाल्या तर त्यांची एक करायला जाऊ नका.

प्रश्न : क्रिकेट आयुष्यभर पाहिलं, बेसबॉल जपानी खेळाडू ओतानीमुळे सुरू केलं. ०.३०० सरासरी म्हणजे दहात तीनच हिट, आणि त्याला उत्तम म्हणतात! बॅटर जोखायचा कसा? (पुणे)

सरासरी बाजूला ठेवा. तिच्यात दोन मोठी भोकं आहेत : वॉक (चार वाईट चेंडूंवर मिळणारा फुकट बेस) मोजला जात नाही, आणि साधी एका बेसची हिट व होम रन यांना एकच भाव मिळतो. त्याऐवजी दोन आकडे बघा. बॅटर किती वेळा बाद न होता बेसवर पोचला, हा ऑन-बेसचा आकडा. दर अधिकृत खेळीमागे (वॉक वगैरे न धरता) त्याने किती बेस कमावले, हा स्लगिंगचा. दोन्हींची बेरीज म्हणजे ओपीएस.

बॅरी बाँड्सचा २००४ चा हंगाम हाताने करून बघा. हिट १३५, वॉक २३२, चेंडू अंगावर लागून मिळालेले बेस ९, बेरीज ३७६. छेदात अधिकृत खेळ्या ३७३, वॉक २३२, अंगावरचे ९ आणि सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः बाद होऊन धाव मिळवून देणारे उंच फटके) ३, एकूण ६१७. भागाकार ०.६०९. स्लगिंगसाठी ६० एकेरी हिट, २७ डबल, ३ ट्रिपल आणि ४५ होम रन यांचे ६० + ५४ + ९ + १८० = ३०३ बेस; भागिले ३७३, म्हणजे ०.८१२. ओपीएस १.४२. एरवी ०.८०० ला चांगला आणि ०.९०० ला उत्कृष्ट बॅटर म्हणतात.

त्या २३२ पैकी १२० वॉक प्रतिस्पर्ध्यांनी मुद्दाम दिलेले होते. बाँड्सच्या आधी एका हंगामातला मुद्दाम वॉकचा उच्चांक होता ४५, विली मॅकोवीचा, १९६९ चा. नुसत्या सरासरीत यातलं काहीच दिसत नाही.

एक चूक नवे प्रेक्षक हमखास करतात. दोन वेगवेगळ्या काळांतले ओपीएस ते थेट शेजारी ठेवतात. त्यासाठी ‘ओपीएस प्लस’ वापरा. त्यात लीगची त्या वर्षीची सरासरी आणि मैदानाचा परिणाम धरून १०० ला मध्य मानतात. बाँड्सचा २००४ चा आकडा २६३ आहे.

प्रश्न : नोलन रायनचे ५७१४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) आणि ७ नो-हिटर (एकही हिट न दिलेले सामने) यांच्या जवळपास कुणीच नाही. मग सर्वोत्तम पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून लोक मॅडक्स नि पेड्रोचं नाव का घेतात? (ह्यूस्टन)

कारण रायन मारायला सगळ्यात कठीण होता, पण त्याच्या चेंडूंवर फुकट बेसही सगळ्यात जास्त मिळाले. त्याच्या नावावर २७९५ वॉक आहेत. दुसऱ्या क्रमांकावरच्या स्टीव्ह कार्ल्टनचे १८३३.

ग्रेग मॅडक्सशी तुलना करा. रायनने ५३८६ इनिंग टाकल्या, मॅडक्सने ५००८. रायनचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा (फील्डरच्या चुकांवरच्या वगळून), ३.१९, मॅडक्सचा ३.१६. कागदावर दोघं सारखे. पण मॅडक्सचे वॉक सबंध कारकिर्दीत ९९९. शिवाय रायनची नऊ वर्षं ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये गेली, जिथे धावा मुळात कमी होत, तर मॅडक्सचे सर्वोत्तम दिवस गेले नव्वदीच्या दशकात, धावांच्या पुरात. लीग आणि मैदान धरणारा ‘ईआरए प्लस’ काढला, की रायन ११२ वर येतो आणि मॅडक्स १३२ वर. फरक तिथे आहे.

मॅडक्सने १९९२ ते १९९५ सलग चार साय यंग (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचे) पुरस्कार घेतले. १९९५ मध्ये जवळपास २१० इनिंगमध्ये त्याने फक्त २३ वॉक दिले.

एक मात्र रायनच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याचे विजय-पराजय, ३२४ आणि २९२, त्याच्याविरुद्ध वापरू नका. १९८७ मध्ये तो ८ जिंकला, १६ हरला, आणि त्याच वर्षी २.७६ ईआरए आणि २७० स्ट्राइकआउट या दोन्हींत लीगमध्ये पहिला होता. संघाने धावा केल्या नाहीत, तर पिचर काय करणार?

एकाच हंगामाचं शिखर विचाराल, तर आमचं मत ठाम आहे : पेड्रो मार्टिनेझ, २०००. ईआरए १.७४. त्या वर्षी अमेरिकन लीगची सरासरी ४.९१ होती आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या रॉजर क्लेमेन्सचा ईआरए होता ३.७०. बॉब गिब्सनचा १९६८ चा १.१२ दिसायला मोठा पराक्रम आहे, आणि आहेच. पण त्या वर्षी नॅशनल लीगची सरासरीच तीनच्या खाली होती. पिचर इतके वरचढ झाले होते, की १९६९ पासून माउंड, म्हणजे पिचरचा उंचवटा, १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. ईआरए प्लसमध्ये पेड्रो २९१, गिब्सन २५८. गिब्सनच्या बाजूचा खरा मुद्दा वेगळा आहे. त्याने ३०४ इनिंग टाकल्या, पेड्रोने २१७. शेवटपर्यंत हात टिकवण्याला तुम्ही जास्त किंमत देत असाल, तर गिब्सन निवडा. ती निवड चुकीची नाही.

प्रश्न : लॅरी वॉकरचं नाव काढलं की ‘डेन्व्हरची विरळ हवा’ म्हणून हसण्यावारी नेतात. हे न्याय्य आहे का? (डेन्व्हर)

अर्धं. वॉकरच्या रॉकीज संघाचं घरचं मैदान, कूर्स फील्ड, समुद्रसपाटीपासून सुमारे ५२०० फुटांवर आहे. हवा विरळ, त्यामुळे फटका लांब जातो आणि वळणारा चेंडू कमी वळतो. पिचरचं दोन्हीकडून नुकसान. शिवाय कोरड्या हवेत चेंडू टणक होतो, म्हणून २००२ पासून तिथे चेंडू ओलावा राखणाऱ्या कपाटात ठेवतात. १९९९ मध्ये वॉकरची घरची सरासरी ०.४६१ आणि बाहेरची ०.२८६ होती. त्या वर्षीचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये, हे खरं.

पण १९९७ बघा. एमव्हीपीच्या त्या हंगामात ४९ पैकी २९ होम रन त्याने बाहेरच्या मैदानांवर मारले. हवेचा हिशेब वजा केला, तरी उरतो तो उत्तम बॅटर, उत्तम बेसरनर आणि उजव्या आउटफिल्डमधला जबरदस्त हात. हॉल ऑफ फेम, म्हणजे दिग्गजांच्या सन्मान-यादीसाठी, त्याला २०२० मध्ये, मतदानाच्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, ७६.६ टक्के मतं मिळाली, लागतात ७५. मात्र घरचे आकडे सरसकट काढून टाकू नका. डोंगरावरून खाली आल्यावर बॅटरला चेंडूचं वळण नव्याने ओळखावं लागतं, त्यामुळे रॉकीजच्या खेळाडूंचे बाहेरचे आकडे जरा जास्तच खाली दिसतात.

प्रश्न : ‘वॉर’ हा आकडा दोन संकेतस्थळांवर वेगळा दिसतो. मग त्यावर भिस्त कशी ठेवायची? (ठाणे)

वॉर म्हणजे सहज मिळणाऱ्या राखीव खेळाडूच्या जागी हा खेळाडू असल्यामुळे संघाने किती सामने जास्त जिंकले, याचा अंदाज. बॅटिंग, बेसवरची धाव आणि फील्डिंग यांच्या धावा काढतात आणि ढोबळपणे १० धावांना एक विजय धरतात. वर फील्डिंगच्या जागेचा भाव. १६२ सामन्यांमागे कॅचरला साडेबारा धावा बहाल होतात, शॉर्टस्टॉपला साडेसात. पहिल्या बेसवाल्याच्या साडेबारा कापतात, आणि फील्डिंग न करणाऱ्या डेझिग्नेटेड हिटरच्या साडेसतरा.

फरक मुख्यतः पिचरमध्ये पडतो. बेसबॉल-रेफरन्स प्रत्यक्ष दिलेल्या धावांपासून सुरुवात करतं. फॅनग्राफ्स मुख्यतः होम रन, वॉक, अंगावर मारलेले चेंडू आणि स्ट्राइकआउट धरतं, कारण बाकीच्यात फील्डरचा वाटा असतो. एकाच वादात दोन्ही ठिकाणचे आकडे मिसळणं ही सगळ्यात नेहमीची चूक. दुसरी चूक जुन्या फील्डिंगवर फार विश्वास ठेवण्याची. चेंडूचा नि फील्डरचा माग घेणारी स्टॅटकास्ट यंत्रणा सगळ्या मैदानांवर २०१५ मध्ये आली. त्याआधीच्या फील्डिंगच्या धावा बऱ्याच अंदाजाच्या आहेत, आणि एका हंगामाच्या तर नकोच, तीन एकत्र घ्या. कारकिर्दीतला पाच वॉरपर्यंतचा फरक आम्ही बरोबरी मानतो.

एकच आकडा हवा असेल, तर जे जाफे यांची जॉज पद्धत घ्या : कारकिर्दीचा वॉर आणि सर्वोत्तम सात हंगामांचा वॉर, दोन्हींची सरासरी. नुसतं टिकून राहिलेल्याला आणि नुसतं चमकलेल्याला, दोघांनाही ती आवर घालते.

प्रश्न : बॅरी बाँड्सला यादीत घ्यायचं की नाही, यावरून आमच्या घरात दोन तट आहेत. तुमचं मत सरळ सांगा. (सॅन होजे)

घ्या, आणि १९८५ नंतरच्या बॅटरांत पहिला ठेवा. कारणही सांगतो.

त्याच्यावरचा उत्तेजकांचा आरोप १९९८ नंतरच्या काळाबद्दल आहे. म्हणून १९९८ च्या अखेरीला रेघ मारा आणि तोवरचंच मोजा : ३ एमव्हीपी, ८ गोल्ड ग्लव्ह (फील्डिंगचे पुरस्कार), ४११ होम रन, ४४५ चोरलेले बेस. चारशे-चारशेचा मान तोवर कुणाला मिळाला नव्हता. बेसबॉल-रेफरन्सचा वॉर तोवरच शंभराच्या घरात होता. पुहोल्सचा सबंध २२ हंगामांचा सुमारे १०१ आहे. त्याच १९९८ च्या मे महिन्यात अ‍ॅरिझोनाने नवव्या इनिंगमध्ये, तिन्ही बेस भरलेले असताना, त्याला मुद्दाम वॉक देऊन एक धाव फुकट दिली. आघाडी ८-६ ची होती. सामना ८-७ ने जिंकला. तो आत्ता बाद होणार नाही, हे समोरच्यांनी मानल्याचा याहून मोठा पुरावा नाही.

रेघेनंतरचं, म्हणजे २००१ चे ७३ होम रन आणि सलग चार एमव्हीपी, याला किती सूट द्यायची हे प्रत्येकाने ठरवावं. पण एक नियम पाळा : जी सूट बाँड्सला, तीच क्लेमेन्सला आणि अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझला. आवडत्याला माफी आणि नावडत्याला फाशी, असं चालणार नाही. काळाचं भान मात्र ठेवा. शिक्षेसह चाचण्या २००४ पासून सुरू झाल्या. रॉड्रिगेझवर २०१४ च्या सबंध हंगामाची बंदी आली. बाँड्सवर लीगने कधीच बंदी घातली नाही. हॉल ऑफ फेमसाठी लेखकांच्या मतदानात त्याला दहाव्या वर्षी, २०२२ मध्ये, ६६ टक्के मतं मिळाली आणि दार बंद झालं.

घरात कुणी होम रन ७६२ विरुद्ध ६६० असं म्हणून बाँड्सला मेजच्या वर नेत असेल, तर ते मात्र मान्य करू नका. मेज सेंटर फील्डचा होता, १२ गोल्ड ग्लव्ह मिळवलेला, आणि १९५२-५३ मधला बहुतेक काळ लष्करी सेवेत गेला. त्याचा वॉर सुमारे १५६, बाँड्सचा १६३. सर्वकालीन यादीत आम्ही मेजला वर ठेवतो. पण इथे प्रश्न हयातीचा आहे.

प्रश्न : इचिरोचे जपानमधले १२७८ आणि इथले ३०८९ मिळून ४३६७ हिट होतात. तोच हिटचा राजा नव्हे का? (बेलव्ह्यू)

बेरीज करू नका, पण श्रेय द्या. दोन लीगची पातळी वेगळी. बेरजेचा नियम लावला, तर सादाहारू ओह याचे जपानमधले ८६८ होम रन बाँड्सच्या वर जातील. योग्य रीत अशी : जपानमध्ये सलग सात वर्षं, १९९४ ते २०००, तो बॅटिंगमध्ये अव्वल होता, सिअ‍ॅटलमध्ये २७ व्या वर्षी आला आणि पहिल्याच हंगामात नवोदित आणि एमव्हीपी हे दोन्ही पुरस्कार घेतले. म्हणजे इथे हुकलेली वर्षंही चांगलीच गेली असती, असं मानायला आधार आहे. २००४ चे २६२ हिट आणि सलग दहा हंगाम दोनशेच्या वर, हे तर इथलंच.

पहिल्या दहांत मात्र आम्ही त्याला घेत नाही. तो वॉक फार कमी घेई, त्यामुळे सरासरी ०.३११ असूनही ऑन-बेसचा आकडा ०.३५५ वरच थांबतो.

प्रश्न : ओतानीला आत्ताच सर्वोत्तम म्हणणं घाईचं आहे का? (नाशिक)

कारकिर्दीच्या यादीत घाईचं. शिखराच्या यादीत नाही. २०२२ मध्ये त्याने १५ सामने जिंकले, २१९ स्ट्राइकआउट घेतले आणि ३४ होम रनही मारले. २०२४ मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे पिचिंग बंद होतं, तेव्हा ५४ होम रन आणि ५९ चोरलेले बेस. मोजताना पिचर आणि बॅटर असे दोन्ही वॉर एकत्र करा. बॅटरकडून डेझिग्नेटेड हिटरची कपात आधीच झालेली असते, ती पुन्हा करू नका. रूथशी तुलनाही जपून करा. पूर्ण वेळ दोन्ही कामं रूथने जेमतेम दोन हंगाम केली, १९१८ आणि १९१९, आणि तेही कृष्णवर्णीयांना लीगचे दरवाजे बंद असताना.

प्रश्न : निग्रो लीगच्या (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगच्या) खेळाडूंचे आकडे आता अधिकृत धरतात, ते वादात कसे वापरायचे? (शिकागो)

मे २०२४ मध्ये ते मेजर लीगच्या नोंदींत आले, आणि जॉश गिब्सनची ०.३७२ ही कारकिर्दीची सरासरी टाय कॉबच्या वर गेली. त्या लीगचे नोंदलेले हंगाम छोटे होते, साठ-सत्तर सामन्यांचे. म्हणून होम रनची एकूण संख्या नको, दर खेळीचा हिशेब वापरा. क्रिकेटपटू पळवणकर बाळूंना जातीमुळे हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं नाही, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको : नोंद कमी आहे, याचा अर्थ खेळाडू कमी होता असा नाही.

प्रश्न : मंडळाच्या उन्हाळी सहलीत बारा जण मिळून यादी ठरवणार आहोत. गोंधळ न होता कशी करावी? (फ्रीमाँट)

चर्चेआधी मतपत्रिका भरून घ्या. नाहीतर सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. प्रत्येकाने वर आपल्या हयातीचं सुरुवातीचं वर्ष लिहावं आणि खाली दहा नावं. किमान तीन पिचर हवेत; ही अट नसली, की होम रनवालेच भरतात. एका संघाचे तीनहून जास्त नकोत, नाहीतर तुमच्याकडे निम्मी यादी जायंट्सची होईल. मारियानो रिवेराचा ०.७० हा पोस्टसीझनमधला (हंगामानंतरच्या बाद फेरीतला) ईआरए अद्भुत आहे, पण सबंध कारकिर्दीत त्याच्या इनिंग १२८४, म्हणजे मॅडक्सच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. तो पिचर म्हणून चालेल, फक्त क्रमांक देताना हे डोळ्यांसमोर ठेवा.

गुण एमव्हीपी मतदानासारखे द्या : पहिल्याला १४, दुसऱ्याला ९, मग ८, ७ असे उतरत दहाव्याला १. नंतर प्रत्येक नावाच्या गुणांना, तो ज्यांच्या हयातीत बसतो तेवढ्याच मतदारांच्या संख्येने भागा. समजा बाँड्स नऊ जणांच्या हयातीत बसला आणि ८१ गुण मिळाले, तर ९. माइक ट्राउट बाराही जणांच्या हयातीत बसून ८४ मिळाले, तर ७. न भागता ट्राउट वर गेला असता, केवळ तो सगळ्यांना दिसला म्हणून. जे नाव तिघांपेक्षा कमी जणांच्या हयातीत बसतं, ते वेगळ्या कागदावर घ्या; तिथे एकाच्या चौदा गुणांनी निकाल फिरतो.

मोजणी झाली, की मग तासभर मनसोक्त वाद घाला. शेवटी प्रत्येकाला आपल्या पत्रिकेतलं एकच नाव बदलायची मुभा द्या आणि पुन्हा मोजा.